म्युझिक मॅगझीन डिझाइन करताय? मग आधी जॉनरची (संगीतप्रकाराची) भाषा शिका

एक छोटी परीक्षा सांगते, ती आधी करून बघा. तुमच्या मासिकाचं कव्हर भिंतीला लावा, वरचं नाव कागदाच्या पट्टीने झाका, आणि गाण्यांची आवड असलेल्या कुणालातरी पाच-सहा पावलं लांब उभं करून विचारा की हे कुठल्या प्रकारच्या गाण्यांचं मासिक आहे. समोरच्याने दोन-तीन सेकंदात "रॉक" किंवा "जॅझ" किंवा "हिपहॉप" म्हटलं तर तुमचं निम्मं काम झालंय. तो जर जवळ येऊन बारीक मजकूर वाचायला लागला तर डिझाइन अजून बोलत नाहीये, फक्त शब्दच बोलतायत.

माझी पहिली डमी (अंकाचा कच्चा नमुना) याच परीक्षेत नापास झाली होती. मेटलचं मासिक करायचं होतं, मी तडे गेलेला, रक्त ठिबकणारा फाँट शोधून काढला आणि तो कव्हरपासून अनुक्रमणिकेपर्यंत सगळीकडे लावला, अगदी पान नंबरसुद्धा त्याच फाँटमध्ये. लांबून बघणाऱ्याला ते भयकथांचं मासिक वाटलं आणि जवळून बघणाऱ्याला काही वाचताच येईना. मेटलचं वरवरचं रूप मी उचललं होतं, पण ते रूप आलं कुठून हे बघितलंच नव्हतं. म्हणून आता जॉनरचे संकेत वापरायचे म्हणजे नक्की काय करायचं, ते मला जसं उमगलं तसं लिहितेय.

आधी बघा, मोजा, मग सॉफ्टवेअर उघडा

ज्या जॉनरचं मासिक करायचंय त्याच जॉनरच्या मासिकांची दहा-बारा कव्हरं गोळा करा, शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या मासिकांची आणि वेगवेगळ्या वर्षांची. छोट्या आकारात प्रिंट काढून एकाच मोठ्या कागदावर शेजारीशेजारी चिकटवा. आता नुसतं "भारी आहे" म्हणून बघू नका, मोजा. एकूण रंग किती, माणूस कॅमेऱ्याकडे बघतोय का, फ्रेम छातीपर्यंत आहे की पूर्ण उभा माणूस आहे, एकटा आहे की बँड, मासिकाचं नाव डोक्यामागे गेलंय का, कव्हरलाइन (आतल्या लेखांची जाहिरात करणाऱ्या कव्हरवरच्या ओळी) किती, त्या डावीकडे रचल्यात की चहूबाजूंनी विखुरल्यात, छोटे फोटो घुसवलेत का, रिकामी जागा किती. हे सगळं वहीत तक्त्यासारखं लिहून काढा. बारापैकी आठ-नऊ कव्हरांवर जे सापडेल तो जॉनरचा संकेत, आणि एका-दोघांवरच सापडेल ती त्या मासिकाची स्वतःची सवय. हा फरक कळला की दुसऱ्याच्या मासिकाची नक्कल होण्याचा धोका बराच कमी होतो, कारण संकेत सगळ्यांचे असतात पण सवय ज्याची त्याची असते.

यात एक तास जातो आणि बहुतेकजण तो टाळतात. कृपा करून टाळू नका.

हे संकेत आले कुठून

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जॉनरचं दिसणं कुणी मीटिंग घेऊन ठरवलेलं नसतं, ते परिस्थितीतून आलेलं असतं. पंकचं घ्या. १९७६ मध्ये लंडनमध्ये मार्क पेरीने 'स्निफिन ग्लू' नावाचं फॅनझीन, म्हणजे चाहत्याने स्वतःच काढलेलं मासिक, सुरू केलं, टाइपरायटरवर मजकूर, मार्कर पेनने हेडिंग आणि झेरॉक्सच्या प्रती. पैसे नव्हते, वेळ नव्हता, आणि जे हाताशी होतं त्यातून अंक निघाला. त्यामुळे पंकचं ते खरखरीत काळंपांढरं, वाकडं चिकटवलेलं, खोडलेलं रूप म्हणजे घाई आणि हातकामाचे खरे ठसे आहेत. आज तुम्ही कॉम्प्युटरवर स्वच्छ कॉलम पाडून वरून "ग्रंज" टेक्स्चर टाकलंत तर ते लगेच खोटं दिसतं. त्यापेक्षा खरंच हेडिंग हाताने लिहा, कात्रीने कापा, झेरॉक्स मारा, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स मारा आणि मग स्कॅन करा, एका संध्याकाळचं काम आहे आणि कुठलाही फिल्टर त्याच्या जवळपास जात नाही.

जॅझचं अगदी उलट. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी १९५० आणि ६० च्या दशकात रीड माइल्स कव्हर डिझाइन करायचे आणि फोटो असायचे फ्रान्सिस वुल्फ यांचे, रेकॉर्डिंगच्या वेळी स्टुडिओत काढलेले. काळापांढरा फोटो, त्यावर एखाददुसरा सपाट रंग, आणि ठसठशीत साधी अक्षरं हाच जणू कव्हरचा ताल. थोड्या रंगात काम भागवायचं म्हणून अक्षरांची जागा आणि मोकळा भाग यांनाच नाचवलं गेलं. आज जॅझच्या मासिकात पाच रंग आणि ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात विरघळणारे रंग) आले की डोळ्याला खटकतं ते याचमुळे.

पॉपच्या मासिकात मधल्या दोन पानांवर पोस्टर का असायचं? कारण पिन मारलेल्या अंकात बरोबर मधली जोडपानं हा एकच अखंड कागद असतो, पिना उघडल्या की मधून चिरा न पडता पूर्ण पोस्टर हातात. ते भिंतीवर लावणारा वाचक डोळ्यासमोर होता, म्हणून पॉपचं सगळं डिझाइनच कापून ठेवावंसं, चिकटवावंसं वाटेल असं झालं: चौकटी, स्टिकरसारखे गोल, उजळ रंग, थेट डोळ्यात बघून हसणारा चेहरा. १९७८ ला निघालेलं 'स्मॅश हिट्स' तर गाण्यांचे शब्द छापायचं, म्हणजे मासिक वाचायचं नव्हतं फक्त, ते घेऊन गायचं होतं.

आणि 'केरँग!' या रॉक-मेटलच्या मासिकाचं नावच इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजावरून आलंय. १९८१ मध्ये ते सुरू झालं, पहिल्या कव्हरवर एसी/डीसी बँडचा गिटारवादक अँगस यंग होता. मासिकाचं तडकलेल्या काचेसारखं नाव आजही ओळखू येतं, पण नीट बघा, तडा फक्त नावालाच आहे. आतला मजकूर सरळ, वाचता येईल असा. माझ्या डमीत मी नेमकं हेच विसरले होते.

कव्हर

मासिक नेहमीच्या ए४ आकारात, म्हणजे २१० बाय २९७ मिमी, धरू. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारा जादा भाग) ठेवा आणि महत्त्वाचं काहीही कापण्याच्या रेषेपासून निदान ८-१० मिमी आत ठेवा. मासिकाचं नाव वर, साधारण पानाच्या वरच्या पाव-पंचमांश भागात, कारण स्टँडवर अंक एकामागे एक लावले की वरची पट्टीच दिसते. अंक बाजूने एकावर एक सरकवून लावले तर डावी पट्टी दिसते, म्हणून महत्त्वाची कव्हरलाइन डावीकडे. हे नियम सगळ्या जॉनरना सारखेच. जॉनर सुरू होतो तो फोटोपासून.

फोटो काढतानाच डिझाइन व्हायला हवं. उभा फोटो घ्या आणि डोक्यावर भरपूर जागा सोडा, तिथे नाव बसायचंय. मी फोटो काढणाऱ्याला नेहमी कव्हरचं पेन्सिल स्केच देते, त्यात डोकं कुठे, हात कुठे, कव्हरलाइनची जागा कुठे एवढंच. हिपहॉपला कॅमेरा कमरेच्या उंचीवर न्या आणि थोडा वर बघू द्या, माणूस भक्कम दिसतो, पाठीमागे सपाट राखाडी किंवा एकच रंग, नजर थेट, हसू बहुतेक नाही, आणि हात, चेन, अंगठ्या फ्रेममध्ये आल्याच पाहिजेत. रॉक-मेटलला एका बाजूने कडक प्रकाश, चेहऱ्याचा अर्धा भाग सावलीत, बँड असेल तर सगळे एका रांगेत नकोत, गायक पुढे आणि बाकीचे मागे त्रिकोणात. पॉपला समोरून मोठा मऊ प्रकाश, सावली जवळजवळ नाहीच. जॅझला एकच दिवा, काळी पार्श्वभूमी, आणि चेहऱ्याइतकेच वाद्यावरचे हात महत्त्वाचे, डोळे मिटलेले असले तरी चालतात कारण इथे माणूस ऐकताना, वाजवताना दिसायला हवा. इंडीला (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र संगीताला) खिडकीचा प्रकाश, फिल्मचा दाणा, माणूस मधोमध न ठेवता कडेला आणि नजर भलतीकडेच.

डोकं मासिकाच्या नावावर चढवायचं का? नाव सगळ्यांना ओळखीचं झालं असेल तर खुशाल चढवा. नवीन मासिकाच्या पहिल्या अंकात मात्र एखादंच अक्षर थोडंसं झाकलं जाऊ दे, नाहीतर लोकांना नावच कळणार नाही.

कव्हरलाइन किती ते तुमचा तक्ता सांगेल. पॉप आणि रॉकला गर्दी चालते, सात-आठसुद्धा, कारण गर्दीतून "आत खूप आहे" हा उत्साह येतो. इंडी, जॅझ, प्रायोगिक संगीत यांना दोन-तीन पुरे. पण गर्दीतही एक मुख्य ओळ बाकीच्यांपेक्षा किमान तिप्पट मोठी हवीच, नाहीतर डोळा कुठे थांबायचं तेच विसरतो.

देवनागरीत करताना

इथे जरा जास्त थांबते, कारण नेटवर मिळणारं बहुतेक मार्गदर्शन रोमन अक्षरं धरून लिहिलेलं असतं आणि ते जसंच्या तसं उचललं की मराठी अंक फसतो.

रॉकचा मोठा संकेत म्हणजे दाटीवाटीची ठळक कॅपिटल अक्षरं. आपल्याकडे कॅपिटल नाहीतच. मग तो आवाज आणायचा कशाने? अरुंद आणि वजनदार फाँटने. टेको आणि खंड हे दोन्ही फुकट मिळणारे फाँट यासाठी छान आहेत, उभे, ताठ, ओळ भरगच्च भरते. पॉपला गुबगुबीत मोदक किंवा बलू. शास्त्रीय संगीताला, किंवा जरा भारदस्त वाटायला हवं तिथे, जाड-बारीकचा ठळक फरक असलेला रोझा वन. हातचं अक्षर हवं तर कलम आहे, पण पंकसाठी मी तेही वापरणार नाही, स्वतःच्या हाताने लिहीन.

इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या मासिकांत अक्षरं लांबलांब सोडलेली असतात, मध्ये हवा. देवनागरीत ते करूच नका! अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होऊन पडतात, "संगीत" न दिसता सं, गी, त असे तीन सुटे ठोकळे दिसतात. हवा हवी असेल तर शब्दाभोवती सोडा, अख्खं हेडिंग लहान करून मोठ्या रिकाम्या पानावर एकटं ठेवा, किंवा शिरोरेषाच लांबवून कव्हरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्या. हे शेवटचं मला फार आवडतं, कारण ती आडवी सरळ रेषा निऑन दिव्यासारखी दिसते आणि रोमनमध्ये ते करताच येत नाही.

दोन ओळींच्या हेडिंगमध्ये वरच्या ओळीत "सूर" आणि त्याच्या बरोबर खाली "मैफिली" आला की दीर्घ ऊकार जाऊन मात्रांवर आदळतो. रॉकच्या नादात ओळी एकमेकींत घुसवायच्या असतात तेव्हा हे हमखास होतं. आपोआप ठरलेल्या अंतरावर विसंबू नका, हेडिंगमधल्या प्रत्येक जागी डोळ्याने बघा, शब्द बदलून बघा, ओळ दुसरीकडे तोडून बघा. उलट कधीकधी तो ऊकार आणि खालची वेलांटी मुद्दाम एकमेकांत अडकवल्या तर हेडिंगचा सुरेख लोगो होतो.

आतल्या मजकुराला मी १०.५ ते ११ पॉइंट आणि ओळींमध्ये १५-१६ पॉइंट ठेवते, रोमनपेक्षा ओळी जरा मोकळ्याच लागतात. मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठी चांगले. तिरोमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, हे बारीक वाटेल पण वाचणाऱ्याला ओळख पटते. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी जाते. सुरुवातीचं मोठं अक्षर करत असाल तर "स्त्री" सारखं जोडाक्षर पूर्ण मोठं झालंय ना, की नुसता तुकडाच, ते तपासा.

आतली पानं

कव्हर छान आणि आत सगळं शाळेच्या वार्षिकासारखं, हे खूपदा दिसतं. उपाय सोपा आहे: तीन रंग आणि दोन फाँट ठरवा, एक हेडिंगचा एक मजकुराचा, आणि स्टाइल शीटमध्ये (सॉफ्टवेअरमध्ये साठवलेल्या ठरावीक मांडणीत) बांधून टाका. तिसरा फाँट फक्त एखाद्या मुख्य लेखाच्या हेडिंगला, तोही त्या कलाकाराशी नातं असेल तरच.

अनुक्रमणिकेत पान नंबर मोठे करा आणि फोटोंवरच बसवा, लोक नंबर बघूनच पान उघडतात. बातम्या आणि परीक्षणांच्या पानांना चार किंवा पाच कॉलम, मुलाखतीला दोन किंवा तीन, म्हणजे पान उलटतानाच वेग बदलल्याचं जाणवतं. परीक्षणांना गुण द्यायचं चिन्हही जॉनरमधूनच आणा. हिपहॉपच्या 'द सोर्स' मध्ये अल्बमला माइक मिळायचे, पाच माइक म्हणजे सर्वोच्च, आणि केरँगमध्ये ताऱ्यांऐवजी के हे अक्षर. अशा एका छोट्या चिन्हाने मासिक आपलंसं वाटतं.

मुख्य लेखाच्या जोडपानावर एका बाजूला कडेपर्यंत भिडलेला फोटो आणि दुसऱ्या बाजूला मजकूर ही जुनीच मांडणी आहे आणि ती अजूनही चालते. फक्त चेहरा मधल्या घडीत जाऊ देऊ नका, डोळा घडीत गेला की फोटो संपला. मुलाखतीतलं एक वाक्य मोठं करून मध्ये टाकताना खरंच बोलतं वाक्य निवडा. "मला संगीत खूप आवडतं" हे मोठं करून काही उपयोग नाही.

मोडायचं असेल तर एकच मोडा

संकेत पाळायचे म्हणजे कायम तेच ते का? नाही ना. पण एका अंकात एकच संकेत मोडा आणि बाकीचे घट्ट धरा. मेटलचं मासिक पूर्ण पांढऱ्या कव्हरवर काढा, पण मग तो कडक प्रकाश, ती नजर, ते नाव तसंच ठेवा, मग ते पांढरं अंगावर येतं. सगळंच बदललं तर वाचकाला वाटतं वेगळंच मासिक उचललं.

डिझायनर डेव्हिड कार्सन यांनी १९९४ मध्ये 'रे गन' या संगीत मासिकात गायक ब्रायन फेरीची अख्खी मुलाखत झाफ डिंगबॅट्स या फाँटमध्ये लावली, म्हणजे अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं, कारण मुलाखत त्यांना कंटाळवाणी वाटली होती. हे उदाहरण देऊन पुष्कळजण न वाचता येणारी पानं करतात. पण त्याच अंकात मागे ती मुलाखत वाचता येईल अशीही छापली होती, हे कुणी सांगत नाही. शिवाय ते मासिकच अशा प्रयोगांसाठी ओळखलं जायचं, म्हणजे तिथे मोडणं हाच संकेत होता.

छापायला देण्याआधी

स्क्रीनवरचा निऑन हिरवा किंवा गुलाबी छपाईच्या चार रंगांत येत नाही, तो मळका होतो. मी एका इलेक्ट्रॉनिक अंकाचं कव्हर त्या हिरव्यावरच उभं केलं होतं आणि छापून आलं ते शेवाळासारखं. तेव्हापासून पहिल्या दिवसापासूनच सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार शायांच्या रंगांत, काम करते. निऑन हवाच असेल तर पाचवी वेगळी शाई लागते, ती छापखान्याला आधी विचारून ठरवा.

मेटल, जॅझ, हिपहॉप म्हटलं की काळी पानं आलीच. मोठ्या काळ्या भागात नुसती १०० टक्के काळी शाई करडी दिसते, म्हणून त्यात निळी ६०, मॅजेंटा ४०, पिवळी ४० अशी भर घालतात, पण नेमका आकडा कागदावर ठरतो, छापखान्याचाच घ्या. त्या गडद काळ्यावर बारीक पांढरा मजकूर मात्र जपून, चार शाया केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षरांच्या पोटात रंग भरतो. पांढरा मजकूर जरा मोठा, जरा जाड, आणि बारीक टोकांचे फाँट नकोतच. लांबलचक लेख काळ्या पानावर पांढऱ्यात लावू नका, दोन परिच्छेदांत डोळे दुखतात.

फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) हवेत. पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत. फोटो आणि फाँटचे हक्क आधी तपासा, नेटवरून उचललेला कलाकाराचा फोटो छापायला वापरता येत नाही, स्वतः काढा किंवा परवानगी घ्या.

आणि फाइल पाठवायच्या आदल्या दिवशी खऱ्या आकारात साध्या प्रिंटरवर सगळी पानं काढा, घड्या घाला, पिना मारा आणि हातात घेऊन चाळा. स्क्रीनवर हेडिंग नेहमी लहान वाटतं आणि हातात घेतलं की मोठं, मजकुराचं उलटं. घडीत गेलेला चेहरा, समासाला चिकटलेला कॉलम, आदळलेला ऊकार, सगळं इथे दिसतं. लाल पेनने खुणा करा, मग ती डमी सुरुवातीला गोळा केलेल्या दहा-बारा कव्हरांच्या शेजारी ठेवा आणि पट्टीने नाव झाकून परत एकदा कुणालातरी लांबून दाखवा, या वेळी अंक आधी न पाहिलेल्या माणसाला.